वीतभर

लोटात कोळसा बंद होऊन जमाना झाला,
खाणकामगारांचा हॉल मात्र अजून उभा आहे,
आणि महिन्यातून एका शनिवारी आमचा बँड तिथे वाजवतो.
चौघे आम्ही, आणि पाचवी ओतिलिया,
जिचं नाव पोस्टरवर नसतं.

दुपारी तीनला येते, शिडी खांद्यावर,
आणि आधी काहीच करत नाही.
वर बघते.
मग पान्याच्या दांड्याने तुळई ठोकते,
ठक्, ठक्, पुढे सरकून पुन्हा ठक्,
आणि डोकं कलतं करून ऐकते,
दारावर कोण आलंय ते ओळखावं तसं.
तिचे आजोबा लिसांद्रो समुद्राखालच्या बोगद्यात
असंच ठोकून मग पाऊल टाकायचे.
छताशी बोलल्याशिवाय त्याच्याखाली बसू नये, म्हणायचे.

"ही पोकळ बोलते," ती म्हणते. "हिच्यावर काही टांगायचं नाही."
"अगं, पण ड्रमच्या बरोब्बर वर लाल दिवा,"
गास्पार हात पसरून दाखवतो, कसा दिसेल ते.
"छान दिसेल," ती म्हणते. "एकदा."

मग स्टँड. पाय पूर्ण फाकवलेले,
कारण अर्धवट फाकवलेला स्टँड म्हणजे
लग्नात पिऊन एका पायावर नाचणारा मामा.
आडव्या दांडीवर चार दिवे. चारच.
मासळीबाजारातल्या काट्यावर तिने वजन करून आणलंय.
पाचवा गास्पारच्या हातात राहतो, दोघेही रुसलेले.
पायांवर वाळूच्या पिशव्या,
सकाळी आम्ही दोघांनी किनाऱ्यावर भरलेल्या, काळ्या वाळूच्या,
ओली वाळू जड, म्हणून ओलीच.
वायरी जमिनीला पट्टीने चिकटवलेल्या,
केक विकणाऱ्या दोरिलाच्या उंच टाचा लक्षात ठेवून.

बोल्ट हाताने आवळायचा, मग पान्याचा आणखी पाव फेरा.
शेवटचा तिने मला करायला दिला.
आणि सगळं झालंय असं वाटतं तेव्हा
ती खिशातून बारीक पोलादी तार काढते,
दिव्याच्या कानातून, दांडीभोवती, कडी बंद. खट्.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
क्लॅम्प आहे की, मग ही कशाला?
म्हणाली, क्लॅम्प दिव्यासाठी.
ही, खाली जो असेल त्याच्यासाठी.

रात्री हॉल भरला. पोरं उड्या मारत होती,
फळ्यांची जमीन वरखाली, वरखाली,
त्यात एखादा भूकंपही येऊन गेला असेल,
इकडे तो येतच असतो, आम्ही ताल सोडत नाही.
तिसऱ्या गाण्यात निळा दिवा
खाली आला.
वीतभर.
डोलला. थांबला.
उजेडाचा तुकडा गास्पारच्या तोंडावरून घसरून
बेस गिटारवरच्या माझ्या बोटांवर येऊन बसला.
लोकांनी शिट्या मारल्या, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय.
दिव्याच्या खाली, अगदी खाली, एक मुलगी
बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती.
मी चुकलो. एकच सूर, पण चुकलो.

ओतिलियाने अंधारातून हात हलवला: वाजव.
निळा विझवला.
गर्दीत शिरून त्या बापाचा दंड धरला आणि
नाचायला ओढावं तसं त्याला चार पावलं मागे नेलं.
तो हसला. त्याला अजूनही वाटतं ती नाचायलाच आली होती.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती,
असं म्हणून आपण मोकळे होतो.
वेळबिळ काही नाही.
काळ आणि त्या पोरीच्या मध्ये
एक तार होती,
दोन एम्पानादांच्या पैशात मिळते ती.

उतरवताना तिने तो बोल्ट दोन बोटांनी फिरवला.
फिरला.
माझ्याकडे बघितलं नाही. गास्पारला काही सांगितलं नाही.

पहाटे दोनला गाडी किनाऱ्याशी थांबवून
आम्ही पिशव्या रिकाम्या केल्या.
समुद्र इथेच आहे, वाळू इथेच आहे,
ओझं घरी कशाला न्यायचं, ती दरवेळी म्हणते.
बोल्ट मात्र तिने माझ्या खिशात टाकला होता.
चढ चढून घरी जाईपर्यंत
तो मांडीला लागत राहिला.